चंदा आधीच लाइव्ह आहेत

केवलरामने सकाळपासून अकरा वेळा फोनपुढे तोंड धरलं होतं. डावीकडे वळून झालं, उजवीकडे वळून झालं, पापण्या मिटून-उघडून डोळ्यांत पाणी आलं. बाराव्या वेळीही लाइव्हच्या ॲपमधली बाई त्याच गोड आवाजात म्हणाली, "क्षमस्व. समोर खरा माणूस दिसत नाही."

"मी का लाकडाचा आहो?" केवलराम खवळला.

दोष भुवयांचा होता. दरेकशाजवळच्या त्या गावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरायची, मंडईला दुपारी नाचगाण्यांच्या खेळाची दंडार व्हायची आणि गेली सव्वीस वर्षं दंडारीत चंदा नाचायची. चंदा म्हणजे केवलरामच. रंगवलेल्या भुवया नीट उठून दिसाव्यात म्हणून तो आपल्या भुवया वर्षभर सफाचट ठेवायचा. गावाला त्याची सवय होती, फोनला नव्हती.

यंदा लेक प्रेरणा बाळंतपणामुळे रायपूरला सासरी अडकली होती. आजवर तिची एकही मंडई चुकली नव्हती. साधा व्हिडिओ कॉल तिला नको होता, सासरच्या टीव्हीवर अख्ख्या आळीला बाप दाखवायचा होता. "बाबा, लाइव्ह करा, नाहीतर मी रडीन," असं तिनं बजावलं होतं. लेकीच्या रडण्यापुढे केवलरामचं कधी काही चालत नसे.

"भुवया रंगवून पाहा ना जी," बायको धनवंता चुलीपुढून म्हणाली.

नुसत्या भुवया रंगवणं कलावंताच्या जिवावर आलं. त्याने पावडर, काजळ, टोप, नथ असा सगळा साज चढवला आणि फोनपुढे बसला. पहिल्याच फटक्यात हिरवी खूण उमटली. "अभिनंदन. तुम्ही खऱ्या आहात. नाव सांगा."

रंग चढला की धुवेपर्यंत नाच्याचं घरचं नाव कोणी घ्यायचं नाही, त्यानंही नाही, हा दंडारीचा नेम. धनवंताही तेवढा वेळ त्याला चंदाबाई म्हणे. केवलराम लाजून म्हणाला, "चंदा."

दुसऱ्या दिवशी दोघं धान कापून दुपारी घरी आले. केवलरामने कोऱ्या तोंडाने फोन उघडला, तर त्यावर लिहून आलं, 'हे खातं चंदा यांचं आहे. तुम्ही चंदा नाही. चंदा यांना कळवलं आहे.'

"कोनाले कळवलं?" केवलराम चाचरला.

फोन लगेच थरथरला. 'चंदा यांचं उत्तर: या माणसाला मी ओळखत नाही.'

खाली सकाळी दहाचं सहा मिनिटांचं लाइव्ह होतं. त्यांचंच अंगण, मध्ये चंदा बसलेली. डावीकडे वळत होती, उजवीकडे वळत होती, पापण्या मिटत होती. साजाच्या पेटीला तर कुलूप होतं आणि किल्ली धनवंताच्या कमरेला.

"म्हंजे थे सकाळभर घरी होती?" धनवंताचा आवाज बारीक झाला. "मंग भांडे काऊन नाही घासले?"

केवलरामला हसू आलं नाही.

मंडईच्या दुपारी त्याने सगळा साज करून फोन कडुनिंबाला बांधला. 'चंदा आधीच लाइव्ह आहेत,' एवढं लिहून पडदा काळा झाला. तिकडे ढोलकी सुरू झाली होती. केवलरामला रडू फुटलं. काळ्या पडद्यापुढे त्याने हात जोडले. "बाई, लेक वाट पाहून राहिली. मी नाही त तूच दिस तिले." मग डोळे पुसून तो नाचला, सव्वीस वर्षांत नाचला नव्हता तसा.

रंग धुऊन होतो न होतो तोच प्रेरणाचा फोन आला.

"बाबा, सारं पाह्यलं! चंदा काय नाचली! सासूबाई रडल्या. पन तुमी कडुनिंबाखाली आईजवळ बसून टाळ्या काऊन वाजवून राहिले होते?"

केवलरामने धनवंताकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती.

"बसलं होतं कोनीतरी," ती म्हणाली. "नाच पाह्यताना ध्यान नाही राह्यलं. मी समजली तुमीच. अर्धं पानबी देलं म्या त्याले."

फोन पुन्हा थरथरला. 'केवलराम खरा माणूस आहे का? चंदा यांचं उत्तर: होय. माझाच आहे.'

केवलरामचा ऊर भरून आला. धनवंताची मात्र भीती एका क्षणात पळाली. "तिचा?" ती कडाडली. "सव्वीस वर्षं भाकरी मी थापून राहिली न् मानूस तिचा?" तिने फोन हिसकावला, 'आक्षेप नोंदवा'वर बोट दाबलं आणि पडद्यापुढे तोंड नेलं.

ती डावीकडे वळली. उजवीकडे वळली. पापण्या मिटून तिने उघडल्या.

"क्षमस्व," ॲपमधली बाई त्याच गोड आवाजात म्हणाली. "समोर खरा माणूस दिसत नाही."