सावळारामचं तळं आणि दोडक्याचा वेल

"काका, तुमच्या जागेवर तळं नाहीच. भात दाखवतंय," मत्स्य कार्यालयातल्या संजीवनी मॅडमनी संगणकाचा पडदा सावळारामकडे वळवला.

सावळाराम उडालाच. डोळखांबच्या माळावर घाम गाळून खणलेलं तळं, आणि भात? "मॅडम, सकाळी त्यातच अंघोळ करून आलोय मी!"

"यंदा तळी उपग्रहावरून मोजलीत. नकाशावर तळं दिसेल त्यालाच रोहूची पिल्लं मिळणार. वरून काही झाकलंय का?"

झाकलं होतं तर! गेल्या साली बगळ्यांनी मासे फस्त केले, म्हणून त्यानं तळ्यावर जाळी ताणली होती. त्याच्या बायकोनं, कमळनं, जागा फुकट कशाला घालवा म्हणून जाळीवर दोडका चढवला होता. उपग्रहाला दिसला तो हिरवागार दोडका, आणि त्यानं तो भात धरला. आणि शेजारच्या बारकूचं लावणीसाठी पाणी भरलेलं भाताचं खाचर मात्र नकाशावर ऐटीत तळं होऊन बसलं होतं.

"गुरुवारी उपग्रह पुन्हा येईल. तोवर मोकळं करा."

सावळाराम इरेला पेटला. घरी येताच कोयता घेऊन त्यानं वेल साफ केला, जाळी गुंडाळली.

"अवो, फुलावर आलेला वेल तोडलाव!" कमळ कळवळली.

"दोडकं बाजारात मिळतंय. माझं तळं नकाशावर चढलं पायजे म्हंजे पायजे!"

गुरुवारी आभाळ गच्च भरलेलं. पुढच्या खेपेलाही तेच. सावळाराम दिवसभर बगळे हाकलायला थाळी बडवत बांधावर उभा.

"उपग्रहाला नाय दिसलं," कमळ म्हणाली, "पन बगळ्यांच्या सगळ्या भावकीला पत्ता कळला."

एका संध्याकाळी बारकू धापा टाकत आला. दोन्ही हातांत पाण्यानं फुगलेल्या पिशव्या. "दादा, रोहूची पिल्लं माझ्या नावावर आली! नको नको म्हटलं तरी टेम्पोवाला बांधावर ठेवून गेला. भातात कशी सोडू?"

"तुझं खाचर तळं, आन् माझं तळं भात!" सावळाराम चरफडला. पण पिशवीतली पिल्लं तोंडं वर काढून तडफडत होती. त्यानं पिशव्या हिसकावल्या, तळ्यात सोडल्या, अलगद गाठी उघडल्या. मग वर बघितलं. काठच्या ऐनाच्या झाडावर बगळे ओळीनं बसले होते.

"कमळे, जाळी आन! पळ!"

तेवढ्यात फोन वाजला. "काका, उद्या आभाळ मोकळं आहे!" संजीवनी मॅडम आनंदानं सांगत होत्या. "उपग्रह येतोय. तळं उघडं ठेवा हं!"

"मॅडम, उपग्रहाला नाय दिसलं तरी चालंल," सावळाराम जाळीचं टोक खुंटीला आवळत म्हणाला, "बगळ्यांना दिसता कामा नये."

दुसरं टोक कमळनं धरलं होतं. तिच्या पदराच्या गाठीत दोडक्याचं बी होतं.