भूपालअण्णांची जनावरं

भूपालअण्णांना मी एकाही गोरज मुहूर्ताच्या लग्नात अक्षता पडेपर्यंत थांबलेलं पाहिलेलं नाही. मंगलाष्टकं रंगात आली की अण्णा मनगटावरचं घड्याळ बघतात, मुठीतल्या अक्षता शेजारच्याच्या मुठीत ओततात आणि "जनावरं उपाशी हाईत, दिवस मावळायला आलाय," असं म्हणत चपला शोधायला लागतात. बहुतेक वेळा तो शेजारचा मीच असतो.

निपाणीत जनावरं उपाशी आहेत म्हटल्यावर माणसाला कुणी अडवत नाही. फक्त अण्णांच्या दारात गाय नाही, म्हैस नाही, घरात मांजरसुद्धा नाही. अण्णांची जनावरं कंप्युटरमध्ये आहेत. त्यांच्या पुण्याच्या लेकीनं आपला जुना कंप्युटर आणून माडीवर ठेवला आणि त्यात एक खेळ घालून दिला. मोकळ्या जमिनीवर आपलं आपण प्राणिसंग्रहालय उभारायचं. कुंपणं घालायची, तळी खणायची, प्राणी आणायचे, त्यांचं खाणंपिणं बघायचं आणि मग फाटक उघडून लोकांना आत सोडायचं. तंबाखूची वखार बंद केल्यावर बाप घरात येरझाऱ्या घालून आईला वेड लावील, त्यापेक्षा एका जागी बसेल, असा तिचा अंदाज होता. तो साफ चुकला. अण्णा उभ्यानं खेळतात.

मी त्यांच्या शेजारी राहतो. मूळचा खानापूरचा, इथं हायस्कुलात चित्रकला शिकवतो, आणि स्वभावानं बसका माणूस आहे. एकदा टेकलो की मला उठवायला निमित्त लागतं. अण्णांना टेकायलाच निमित्त लागतं. चहा निवायची त्यांना वाट बघवत नाही, म्हणून ते तो कोमटच मागतात. "आटपा" हा त्यांचा लाडका शब्द. न्हाव्याला आटपा, डॉक्टरला आटपा. एकदा माझ्याबरोबर गावी आले असताना रेल्वेचं फाटक लागलं, तर समोरून चाललेल्या मालगाडीलासुद्धा ते "आटपा गा" म्हणाले.

अण्णा जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा घरचा जुना नेम. तोच त्यांनी जनावरांनाही लावला. खेळात ऊन डोक्यावर असलं तरी अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरमधली सूर्यास्ताची वेळ बघतात आणि त्याआधी हत्तीपासून सशापर्यंत सगळ्यांच्या गव्हाणी भरून मोकळे होतात. मी म्हटलं, "अण्णा, तिथं अजून दुपार आहे." ते म्हणाले, "तिथं असंल. मी निपानीत हाय."

एका सकाळी त्यांनी बाजारात सांगितलं, "आमची व्याली. दोघंबी झ्याक हाईत." तासाभरात गल्लीच्या टोकाची काकू चीक मागायला तांब्या घेऊन दारात. तिला खरवस करायचा होता. अण्णांनी तिला अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "काकू, झेब्र्याची मादी हाय ती. धार काढू देत न्हाई." काकू तांब्या घेऊन परत गेली. पुढं दोन महिने ती अण्णांना बघितलं की रस्ता बदलायची.

वाघ, सिंह त्यांनी आणलेच नाहीत. वाघ नसेल तर लोक येणार नाहीत, असं कंप्युटर वरचेवर बजावतो. अण्णा त्याला उत्तर देतात, "वाघ बघायचा तर जांबोटीच्या रानात जावा म्हनावं. माझ्या हातनं मटन घालनं व्हनार न्हाई." पण पेंग्विननं त्यांना फसवलं. पक्षी आहे म्हणजे दाणे टिपणार, या भरवशावर त्यांनी सहा पेंग्विन आणले, आणि जेवणाची यादी उघडली तर बादलीभर मासे. अण्णांचं दोन दिवस कशात लक्ष लागेना. घालावं तर पाप, न घालावं तर सहा जीव उपाशी. शेवटी बस्तीतल्या, म्हणजे जैन देवळातल्या, उपाध्यांना गाठून त्यांनी देवासमोर सवाल टाकला, "कंप्युटरमधल्या पक्ष्याला कंप्युटरमधला मासा घातला तर दोष कुनाला?"

उपाध्यांनी हातातली घंटा खाली ठेवली. मग म्हणाले, "मासा जित्ता दावतेत का मेल्याला?"

"बादलीत हाय. हलत न्हाई."

"हलू दे न्हाईतर न हलू दे. मनानं घातलासा म्हंजे घातलासाच."

अण्णांनी पेंग्विन खेळातल्या दुसऱ्या एका प्राणिसंग्रहालयाला देऊन टाकले आणि स्वतः एक दिवसाचा उपास केला. हे सगळं मला सांगताना ते माझ्या अंगणात तुळशीभोवती फिरत होते. मी झोपाळ्यावर बसून मान फिरवत ऐकत होतो आणि माझी मान दुखायला लागली होती.

एवढं सगळं झालं तरी फाटक बंदच. दीड वर्षं सगळं तयार, आणि आत एक माणूस सोडलेला नाही. "उद्घाटन व्हायचं हाय," म्हणायचे. मला वाटलं, प्रमुख पाहुणा म्हणून मलाच बोलावतील. आराखड्याला चित्रकलेचा मास्तर मदतीला होता ना. मी मनातल्या मनात चार वाक्यांचं भाषणही जुळवलं होतं. एके दिवशी विचारलं तर पाय हलवत म्हणाले, "आक्कानं बघायला पायजे पैल्यांदा. ती न्हाई म्हनत्या."

आक्का म्हणजे त्यांची बायको, पद्माक्का. तिचे दोन्ही गुडघे गेले आहेत. ती खाली सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसते, माडीवर चढत नाही. अण्णा रोज जिन्यातून हाक मारायचे, "येतीस का गं?" आणि खालून रोज तेच उत्तर यायचं, "माझं बघून झालंय."

मला त्या आराखड्यात एक गोष्ट खटकायची. जिकडंतिकडं बाकडी. दहा पावलं गेलं की बाकडं. एका जिराफापुढं तर तीन. मी चिडून म्हटलंसुद्धा, "अण्णा, हे प्राणिसंग्रहालय आहे की बसस्टँड? सगळी शोभा गेली." एरवी माझ्याशी कडाकडा भांडणारे अण्णा त्यावर फक्त म्हणाले, "ऱ्हाऊ देत."

परवा मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा ते कॅलेंडर आणायला बाजारात गेले होते. आक्का शेंगा फोडत बसली होती. मी सहज म्हटलं, "आक्का, एकदा बघा की. माणूस झुरतोय."

ती खाली बघूनच बोलली. "मास्तर, लेकीचं लगीन झाल्यावर आमी म्हैसूरला गेलतो. तिथं जनावरं बघायला नेलं मला. मी कवा जिराफ बघिटला न्हवता. गुडगं तवापासनंच दुखालतं. कुटं टेकायला गेलं की हे, आटपा, दिवस मावळायच्या आत जेवान व्हायला पायजे. जिराफाफुडं हुबारले, मान वर करत करत बघालते, आनि तोंडापत्तोर पोचायच्या आत ह्यांनी हात धरून वडलं. मानच बघिटली मी. तोंड न्हाईच."

शोभेविषयी मी जे बोललो होतो त्याची मला लाज वाटली.

"आक्का," मी म्हटलं, "वर जिराफापुढं तीन बाकडी आहेत."

तिचे हात थांबले. "तीन कशाला?"

"ते मला ठाऊक नाही. पण वाटेत दर दहा पावलांवर एक आहे."

तिनं शेंगा नुसत्याच चाळवल्या. मग म्हणाली, "माडी चढवत न्हाई मला. खाली आनतासा काय ते?"

अण्णा परत आले तेव्हा मी जिन्यात होतो, छातीशी कंप्युटरचा पडदा धरून. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सोप्यात, आणि वायरी गोळा करायला वर गेले. आटपासुद्धा म्हणाले नाहीत.

जनावरांना त्या दिवशी त्यांनी लवकर घातलं. मग आक्काच्या बोटाखाली माउस सरकवला, आणि फाटक उघडलं. माणसं आत शिरली. अण्णा तिला वाटेवाटेनं घेऊन गेले, प्रत्येक बाकड्यापाशी थांबत. त्यांचा पाय हलत होता, पण ते आक्काशेजारी खुर्चीवर बसले होते. जिराफापाशी आल्यावर पडद्यावर नुसती मान दिसली. मग ती मान हळूहळू खाली वाकली आणि जिराफाचं तोंड बाकड्यापाशी आलं. मोठे डोळे, लांब पापण्या, तोंडात पाला.

"अगं बाई," आक्का म्हणाली, "गरीब दिसतंय की तोंडानं."

खिडकीतलं ऊन तांबूस झालं होतं. मी घड्याळाकडं बघितलं, आक्कानंही बघितलं. ती खुर्चीचा हात धरून उठायला लागली. "अवो, दिवस मावळालाय. ताटं करायला पायजेत."

"बस गं," अण्णा म्हणाले. त्यांचा पाय हलायचा थांबला होता. "घाई काय हाय."

मी चपला घालून हळूच बाहेर पडलो. दिवस मावळला, आणि त्या घरात त्या दिवशी फक्त जनावरं जेवली.