‘सोडा’ म्हणेपर्यंत

सोनकांबळे कुठल्याही शाखेत शिरले की आधी यंत्राकडे बघत नाहीत, माणसांकडे बघतात. कुणाचे दोन्ही हात रिकामे आहेत हे ते उंबऱ्यातूनच हेरतात. मग त्या माणसापाशी जाऊन अगदी अदबीनं विचारतात, “जरासक धरता का?” या प्रश्नाला नाही म्हणालेला माणूस आमच्या संस्थेत अजून सापडलेला नाही. एक मी सोडून.

आमची शिक्षण संस्था आहे. मुख्य ऑफिस नांदेडला आणि शाखा हदगाव, बिलोली, शिवाय लातूर जिल्ह्यात जळकोटला. प्रत्येक ठिकाणी इंटरनेटच्या यंत्रांसाठी एक रॅक आहे. रॅक म्हणजे लोखंडी उभा सांगाडा, त्यात एकेक यंत्र चार स्क्रूंवर बसवायचं. हे बसवणं सोनकांबळ्यांचं काम. मी आस्थापनेचा हेडक्लार्क. रजा, बदल्या आणि नोटिसा माझ्याकडे. त्यांच्याकडे यंत्रं लटकतात, माझ्याकडे माणसं.

स्विच नावाचं जे यंत्र ते बसवतात, त्याचं वजन फार तर चार किलो. बाजारातून आणलेल्या पिशवीएवढं. सोनकांबळे मात्र ते एकट्यानं उचलत नाहीत. एकानं धरायचं, एकानं कसायचं, हा त्यांचा कायदा. तब्येतीचं कारण म्हणाल तर तेही नाही. हाच माणूस पूर्वी यूपीएसची बॅटरी खांद्यावर टाकून तीन मजले चढायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चार वर्षांपूर्वी एकाएकी हा कायदा आला. त्यांनी मोबाइलवर कसला तरी व्हिडिओ पाहिला असावा, असं आम्ही धरून चाललो.

धरणाऱ्यालाही नियम असत. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचं. कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून वाकायचं. जड यंत्र खाली, हलकं वर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते स्वतः ‘सोडा’ म्हणेपर्यंत सोडायचं नाही. मग ते गवंड्याची पाणसळ काढत, यंत्र सपाट आहे का बघत, आणि चौथा स्क्रू हमखास हरवत.

चौथा स्क्रू सापडेपर्यंत गप्पा चालत. म्हणजे सोनकांबळे विचारत आणि धरणारा सांगत असे. त्याला दुसरा इलाज नसे. घरी कोण कोण असतं, आईवडील आहेत का, सगळे आपापल्या पायांवर उठून बसतात ना. हात वर असलेला माणूस खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही या चौकश्यांना खेडवळ भोचकपणा म्हणायचो.

हदगावला एक पालक मुलीच्या प्रवेशासाठी आले होते. ते प्रवेश घेऊन आणि अर्धा रॅक बसवून गेले. बिलोलीच्या प्राचार्यांनी यंत्र धरलेलं असतानाच त्यांना सासऱ्यांचा फोन आला, तेव्हा फोन कानाला धरायला शिपाई उभा करावा लागला. म्हणजे त्या दिवशी धरणारे दोन झाले आणि सोनकांबळे फारच खूश होते.

मी मात्र चार वर्षं एकदाही धरलं नाही. माझ्या मानेची तक्रार आहे. ही तक्रार ‘जरासक’ हा शब्द ऐकला की सुरू होते.

बाकी सोनकांबळे कामाला वाघ. त्यांची एकच खोड होती. दुपारी दीड वाजला की मोटरसायकलला किक मारून गायब व्हायचे ते सव्वादोनला हजर. घरी जाऊन डुलकी काढतात, असा सर्वांचा ठाम समज. अधूनमधून अर्ध्या दिवसाची रजा असे आणि अर्जात कारण एकच, ‘घरगुती काम’. मी ते अर्ज वाचायचंही सोडून दिलं होतं. सरळ शिक्का मारायचो.

गाडी रुळावरून घसरली ती नव्या सर्व्हर रूमच्या उद्घाटनाला. नारळ फुटला, रॅकला हळद-कुंकू लागलं. आमच्या सचिव साहेबांनी स्विचला नुसता हात लावायचा आणि फोटो काढायचा, असं ठरलेलं. साहेबांचे दोन्ही हात रिकामे होते. सोनकांबळ्यांनी त्यांना अदबीनं अंगठ्या काढायला लावल्या. साहेबांच्या हातात पाच अंगठ्या, त्यातली शनीची तर त्यांनी अंघोळीलाही कधी काढली नव्हती. फोटोसाठी असेल म्हणून त्यांनी काढून शिपायाकडे दिल्या. पुढच्या क्षणी स्विच त्यांच्या हातात होता आणि सोनकांबळे जमिनीवर बसून चौथा स्क्रू शोधत होते.

अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून बसलो होतो. दोन प्राध्यापक पुढे झाले, तर सोनकांबळे म्हणाले की धरणारा मधेच बदलता येत नाही, तोल जातो. त्या अकरा मिनिटांत साहेबांनी आपली आई गुडघ्यांनी अधू झाली आहे, ती थोरल्या भावाकडे असते आणि दिवाळीपासून आपण तिला भेटायला गेलो नाही, इथपर्यंत सगळं सांगून टाकलं. पन्नास माणसं ऐकत होती.

त्यात शिपाई शनीची अंगठी खिशात घेऊन गावी गेला आणि ती दोन दिवसांनी सापडली. त्या दोन दिवसांत साहेबांच्या गाडीचं चाक दोनदा पंक्चर झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

नोटीस मीच लिहिली, आणि खोटं कशाला बोलू, चांगली लिहिली. यापुढे यंत्र एकट्यानेच बसवावे. ते का जमत नाही याचा खुलासा तीन दिवसांत द्यावा. खुलासा समाधानकारक नसल्यास जळकोट शाखेत बदली करण्यात येईल व मुख्यालयी राहणे बंधनकारक राहील.

नोटीस वाचून सोनकांबळ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “मुख्यालयी म्हंजे जळकोटलाच ऱ्हावं लागतंय का साहेब?” मी हो म्हणालो. त्यांनी नोटिशीची चौकोनी घडी घालून वरच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी खुलासा आला. एका ओळीचा होता. ‘एकट्याने उचलल्यास दुखापत होते, तरी माफी असावी.’ कोणाला दुखापत, कशी, काही नाही. साहेब म्हणाले की हा खुलासा नव्हे, हा सुविचार आहे. नीट लिहून आणा, नाहीतर परवा बदलीचा आदेश काढा.

म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी त्यांच्या घरी गेलो. मजकूर मीच लिहून नेला होता, त्यांची फक्त सही हवी होती. दोन खोल्यांचं घर. दार उघडंच होतं. आतल्या खोलीतून सोनकांबळ्यांचा आवाज आला, “एक, दोन…” आणि मागोमाग बाईमाणसाचं दबकं कण्हणं. मी खाकरलो.

ते बाहेर आले तेव्हा घामानं भिजले होते. मला बघून गडबडले, पण बसा म्हणाले. पडदा अर्धवट सरकलेला होता. आत खाटेवर त्यांची बायको, कमलबाई, पडून होत्या. शेजारी हातांची खुर्ची. चार वर्षांपूर्वी लकवा झाला आणि उजवी बाजू गेली, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. सकाळी खाटेवरून खुर्चीत, दुपारी दीडला खुर्चीतून खाटेवर, संध्याकाळी परत.

चार वर्षं. दीड वाजताची डुलकी. ‘घरगुती काम’वरचे माझे शिक्के. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“एकट्यानं काखंत हात घालून उचलावं लागतंय,” ते म्हणाले. “तिचा ह्यो खांदा लई दुखतो मग. दोघं असले तर चादरीनं उचलता येतंय. दुखत न्हाई.”

मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना का बोलावत नाही, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले की सुरुवातीला येत होते. आठ दिवस आले, पंधरा दिवस आले. पुढं आपल्यालाच हाक मारायला जड जातं.

“आणि ऑफिसात हो? तिथं तर तुम्ही सचिवांनासुद्धा सोडलं नाही.”

सोनकांबळ्यांनी खाली बघत टॉवेलनं हात पुसले. “तितं यंत्रासाठी मागता येतंय साहेब,” ते म्हणाले.

आतून कमलबाई म्हणाल्या, “हे हदगावला गेले की माझी सुट्टीच हाय भाऊ. दिसभर आडवं. जळकोटला गेल्यावर कायमची सुट्टी.” आणि हसल्या. अर्धाच चेहरा हसला.

मी उठलो. माझी मान अजिबात दुखत नव्हती. म्हटलं, सोनकांबळे, मी धरतो.

त्यांनी आधी माझ्या मनगटाकडे बघितलं. मग म्हणाले, “घड्याळ काढा.”

मी घड्याळ काढलं. चादरीची पायांकडची दोन टोकं माझ्या हातात आली, डोक्याकडची त्यांच्या हातात. कमरेतून नको, गुडघ्यातून, ते म्हणाले. मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचं न्हाई. एक, दोन, आणि तीनला कमलबाई खाटेवरून उचलल्या जाऊन अलगद खुर्चीत बसल्या. कण्हल्या नाहीत. सोनकांबळे एका हातानं चादर धरून दुसऱ्या हातानं त्यांच्या पाठीमागं उशी सारखी करत राहिले. मग खांद्याखालची घडी. मग पदर.

“आता पाणसळ लावा मला,” कमलबाई म्हणाल्या. “भाऊंना हापीस हाय. म्हना की सोडा.”

सोनकांबळ्यांचे डोळे भरून आले होते आणि दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे पुसता येत नव्हते. मी चादर धरून तसाच वाकून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, सोडा.

लिहून नेलेला मजकूर मी खिशातून काढलाच नाही. ऑफिसात येऊन त्यांच्या त्या एका ओळीच्या खुलाशाखाली टिपणी लिहिली. ‘खुलासा समाधानकारक आहे. सदर कामास दोन माणसे लागतात. मी स्वतः धरून पाहिले आहे.’ खाली सही केली. साहेबांनी टिपणी दोनदा वाचली आणि विचारलं, “तुम्ही धरलं?” मी हो म्हणालो. कुठं धरलं, काय धरलं, ते त्यांनी विचारलं नाही. शनीची अंगठी बोटात फिरवली आणि ‘मान्य’ लिहून फाइल माझ्याकडे सरकवली. त्या रविवारी ते आईकडे जाऊन आले, असं ड्रायव्हर सांगत होता.

सोनकांबळे नांदेडलाच आहेत. चौथा स्क्रू अजूनही हरवतो. मी रोज सकाळी नऊला त्यांच्या घरी असतो आणि दीड वाजता त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसतो. दोघं मिळून डुलकी काढायला जातात, असं आता ऑफिसात बोलतात. बोलू देत. घड्याळ मात्र मी हल्ली ऑफिसात पोचल्यावरच हातात घालतो.