मातीला विरजण लावणारे सोनटक्के साहेब

सोनटक्के साहेब मातीला विरजण लावतात. तुम्ही हसाल, मीही हसलो होतो. पण मी त्यांना हे करताना या दोन डोळ्यांनी पाहिलं आहे. दुधात कवडीभर दही सोडून बायका पातेलं झाकून ठेवतात, तसं हा माणूस ट्रकभर मातीत बादलीतली चार मुठी माती टाकतो, ढवळतो, वर कापड घालतो आणि म्हणतो, "आता कुणी हात लावायचा नाही."

मी पोकलेन चालवतो. चाळीस वर्षं झाली सौदीत. शाळा चौथीपर्यंत, पण जमिनीत बकेट घातली की खाली खडक आहे की वाळू की पाण्याची पाइप, ते मला दांड्यावरच्या हाताला कळतं. इंजिनिअर कागद बघून सांगतात, आणि चुकतात. त्यामुळे आमच्या कंपनीनं "राबिघहून एक मोठे साहेब येतायत, नाशिकचे आहेत" म्हणून सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, येऊ दे अजून एक कागदवाला.

साहेब आले ते गाडीतून एकटे. तांबड्या समुद्रावरून निघून अख्खं वाळवंट ओलांडून आमच्या कतीफला. शेजारच्या सीटवर झाकणाची निळी बादली, आणि बादलीला सीटबेल्ट लावलेला. मागच्या सीटवर त्यांची बॅग तशीच आडवीतिडवी पडलेली. तिला बेल्ट नाही.

"साहेब, यात काय? तूप?" मी विचारलं.

"अहो, तुम्ही मराठी! कुठले?"

"रायगडचा. हुसेन नाव. सगळे चाचा म्हणतात. बादलीत काय?"

"चाचा, ही राबिघची मंडळी आहेत," म्हणाले, आणि झाकण किलकिलं करून आत नाक घातलं. "प्रवासानं जरा दमलीत."

मी आत बघितलं. माती. वाटेत पोलिसांनीही झाकण उघडायला लावलं होतं म्हणे. साहेबांनी सांगितलं, खमीर आहे, भाकरीचं असतं तसं. पोलिसानं वास घेतला, साहेबांकडे बघितलं आणि "यल्ला, यल्ला" करून लगेच सोडून दिलं. वेड्या माणसाला कोण अडवून ठेवणार?

आता काम काय होतं ते सांगतो. कतीफच्या एका खजुराच्या बागेत अबू अली नावाच्या मालकानं विहिरीच्या पंपासाठी जमिनीत डिझेलची टाकी पुरून ठेवली होती. टाकी गंजली, सडली, आणि वर कुणाला पत्ता न लागता खाली तेल झिरपत राहिलं. विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला, खजुराची पानं टोकाकडून पिवळी पडली, तेव्हा लोक जागे झाले. सरकारी माणूस येऊन कागद देऊन गेला. टाकीभोवतीची माती काढा आणि महिन्याच्या शेवटापर्यंत स्वच्छ करून दाखवा. लॅबमध्ये माती पास झाली तर परत खड्ड्यात भरा. नापास झाली तर खड्डा रुंद करायचा, म्हणजे त्याच्या कडेची अकरा झाडं मुळासकट काढायची, सगळी माती ट्रकांत भरून कचऱ्यावर, आणि विहीर बंद.

अबू अली रोज सकाळी येऊन मला एकच विचारायचा, "सदीक, मेरा झाड रहेगा?" सदीक म्हणजे दोस्त.

मी सांगायचो, रहेगा. मला काय माहीत होतं? पण नाही म्हणायला तोंड होत नसे. तो बोलताना हात कायम एखाद्या बुंध्यावर ठेवून बोलायचा, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

टाकी मी काढली. माती मी काढली. काळपट, ओली, वास असा की डोक्यात जाईल. साहेबांनी जाड प्लास्टिक अंथरून तिचा लांब ढीग करायला लावला. मग मेंढ्यांचं शेणखत आणलं, युरिया आणला, पाणी शिंपडलं, आणि शेवटी ते बादलीतलं विरजण.

"याच्यातले जीव डिझेल खातात, चाचा. डोळ्याला दिसत नाहीत. त्यांना डिझेल म्हणजे आपल्याला बासुंदी."

"मग माझ्या पोकलेनची टाकी का नाही पीत?"

"तिथं हवा नाही, पाणी नाही, खत नाही. नुसती बासुंदी ढोसून कोण जगलंय? सोबत भाजी-भाकरी लागते." असं प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर, आणि उत्तरात खायचाच पदार्थ.

रोज सकाळी आले की आधी ढिगाजवळ जायचे, कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. ताप बघतात तसे. "कोमट आहे. मंडळी जेवतायत." ढिगावर उन्हासाठी हिरवी जाळी बांधलेली, पण स्वतः मात्र उन्हात. मी म्हटलं, साहेब, तुमच्या डोक्यावर पण बांधू का? तर म्हणाले, "मी कुठं काम करतोय? कामं ती करतायत."

वासासाठी त्यांच्याकडे मशीन होतं, पिवळं, महागाचं. ते पिशवीतच. "मशीन सरकारला दाखवायला. आपण नाकाला विचारायचं." मातीची चिमूट घेऊन, तळव्यावर चोळून, हुंगून सांगायचे, "ह्या टोकाला अजून आठ दिवस." मग मशीन लावायचे, मशीनही तेच सांगायचं, आणि साहेब मशीनची पाठ थोपटायचे. नाक खराब होईल म्हणून दिवसा कांदा-लसूण बंद. जुम्म्याला मी अत्तर लावतो, ते तर त्यांना दुष्मनच. "चाचा, वास फार छान आहे हो. जरा वाऱ्याच्या पलीकडे उभे राहता का?" मी राहायचो उभा. चाळीस वर्षांत कुठल्या साहेबाच्या सांगण्यावरून मी जागचा हललो नव्हतो.

खरं सांगायचं तर मला नाद लागला. साहेब गेले की मीही गुपचूप हात घालून बघायचो, कोमट आहे का. वास घ्यायचो. आणि वास खरंच उतरत होता! काळी माती तपकिरी व्हायला लागली होती. फक्त ढिगाचा विहिरीकडचा एक कोपरा काही केल्या सुधारत नव्हता. साहेब रोज तिथं थांबायचे, हुंगायचे आणि काही न बोलता पुढं जायचे. न बोलणारे साहेब मला बघवेनात.

आमच्याकडे कोकणात भातशेतीला राब भाजतात. पावसाआधी रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा, छाटलेल्या फांद्यांची कवळं पसरायची, वर मातीचा थर, आणि आग लावायची. जमीन तापते, तण मरतं, माती भुसभुशीत होते. माझा बाप करायचा, मी केलंय. मी विचार केला, हा कोपरा अडून बसलाय, आणि त्यात तर तेलच आहे, आपोआप जळेल. आठ दिवसांचं काम एका दुपारात. साहेबांना शनिवारी आश्चर्यच दाखवू.

जुम्म्याची नमाज झाली, बागेत कुणी नव्हतं. मी खजुराच्या वाळक्या झावळ्या ओढल्या, शेणखत पसरलं, वर मातीचा पातळ थर दिला, अगदी बापानं शिकवलं तसं, आणि काडी लावली.

आमच्या गावचा राब पांढरा धूर देतो. हा काळा द्यायला लागला. मग खालचं प्लास्टिक पेटलं. मी पोकलेनवर चढलो आणि वाळू ओतून ओतून विझवलं, पण तोपर्यंत पाव ढीग भाजला गेला होता. भिंतीपलीकडची पोरं टाळ्या वाजवत होती.

शनिवारी साहेब आले. मी लपलो नाही. पोकलेनला टेकून उभा राहिलो, छाती पुढं काढून. साहेबांनी टोपी काढली. भाजलेल्या मातीत हात घातला. बराच वेळ काढलाच नाही.

"ह्यातलं कुणी राहिलं नाही, चाचा."

मी म्हटलं, "मी राब भाजला."

"काय भाजलं?"

मी सांगितलं. आता हा माणूस मला शिव्या देणार, कंपनीला फोन लावणार, माझ्या इकाम्याचं, म्हणजे इथं राहायच्या परवान्याचं, काय ते आजच होणार, अशी माझी तयारी होती. तर साहेबांनी खिशातून वही काढली.

"थांबा, थांबा. शेण खाली की पाला खाली?"

"साहेब, तुम्ही रागवा की!"

"रागावतो. आधी सांगा. वरचा मातीचा थर किती? बोटभर की वीतभर?"

आणि मी, चोरासारखा उभा राहिलेला माणूस, त्यांना अर्धा तास राब शिकवत बसलो. त्यांनी सगळं लिहून घेतलं, मधे चित्र काढलं, "वा, म्हणजे वरून हवा तोडली!" असं स्वतःशीच म्हणाले. मग वही मिटली आणि म्हणाले, "हुसेनचाचा, ही अक्कल फार जुनी आहे आणि इथं फार चुकीची आहे. पुन्हा काडीला हात लावलात तर तुम्हालाच ढिगात पुरीन." झाला राग. एवढाच.

तेवढ्यात अबू अली आला. भाजलेला कोपरा बघितला, झाडांकडे बघितलं. त्या दिवशी त्यानं काही विचारलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. सरकारी माणूस यायला अकरा दिवस उरले होते. अकरा दिवस, अकरा झाडं.

साहेबांनी तो कोपरा नवीन प्लास्टिकवर वेगळा घातला. बादलीत थोडंच विरजण उरलं होतं. "दही कमी असलं की पातेलं ऊबदार ठेवायचं आणि सारखं बघायचं," म्हणाले, आणि बागेतल्या पंपाच्या खोलीत खाट टाकून राहायलाच आले. दिवसातून चार वेळा पाणी. मी माती हलवायची, पण बकेटनं नाही, फावड्यानं. "बकेटनं मंडळींचे हातपाय मोडतील." त्यांना हातपाय असतात का, हे मी विचारलं नाही. मला विचारायचा हक्क राहिला नव्हता. माझ्या हाताला फोड आले, साहेबांच्याही आले. नवव्या दिवशी त्यांनी चिमूट हुंगली, मग माझ्या नाकाखाली धरली.

"काय येतंय?"

"काही नाही."

"बघा नीट."

"पहिल्या पावसाच्या आधी अंगण शिंपतात ना, तसं काहीतरी."

साहेब हसले. मशीन त्यांनी त्या दिवशी काढलंच नाही.

सरकारी माणूस आला, डबीत डबीत माती घेऊन गेला. दोन दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, कागद आला. अबू अलीनं वाचला, पुन्हा वाचला, मग मोठ्यानं म्हणाला, "नजीफ!" म्हणजे स्वच्छ. पाव ढीग, पाऊण ढीग, सगळा. झाडं राहिली. अबू अलीनं प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर एकेक थाप मारली, मोजून अकरा, आणि फोन काढून भावाला ओरडून सांगायला लागला. मी गावी बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "कसला ढीग? गोळ्या घेतल्यात का?" तरी बरं वाटलं.

सोनटक्के साहेब खड्ड्याच्या कडेला बसून मातीची ढेकळं हातानं फोडत होते.

"साहेब, घरी सांगा की!"

"सांगीन मग. दमले असतील सगळे. परवा वास्तुशांत होती ना."

"कोणाची?"

"आमचीच. नाशिकला. नवीन घर बांधलंय."

मी हिशेब लावला. परवा आम्ही दोघं सरकारी माणसाच्या डब्यांत माती भरत होतो. "तुम्ही जाणार होता?"

"तिकीट होतं. ह्या कोपऱ्याचं झाल्यावर रद्द केलं." ते ढेकूळ फोडत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "पूजेला मुलगा आणि सून बसली. छान झालं म्हणे. फोटो पाठवलेत."

"घरी रागावले असतील."

"नाही हो." साहेब जरा हसले. "फोन करायच्या आधी मी तासभर काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. बायको असं म्हणाली तर हे सांगायचं, मुलगा तसं म्हणाला तर ते. काही लागलंच नाही. म्हणाले, काम असेल तर राहा, हरकत नाही. दोन मिनिटांत फोन संपला." हातातलं ढेकूळ पार पीठ झालं तरी ते चोळतच होते. "मला वाटलं होतं, थोडं तरी भांडतील."

आग मी लावली होती. माझ्यामुळे हा माणूस स्वतःच्या घरात पहिलं पाऊल टाकायला गेला नाही, आणि अकरा दिवस माझ्या शेजारी फावडं मारताना एका शब्दानं बोलला नाही. पण माफी मागायची मला सवय नाही. बापाची मागितली नाही, बायकोची मागितली नाही. त्या दिवशीही मागता आली नाही. मग मला जे येतं ते मी केलं.

"तुम्ही माणूस आहात की कोण!" मी ओरडलो. "स्वतःचं घर सोडून दुसऱ्याच्या शेणात हात घालून बसता? तिकीट रद्द करता? मला सांगता येत नव्हतं? मी पाणी घातलं नसतं?"

साहेब दचकले. "अहो चाचा, ओरडताय कशाला?"

"ओरडणार! उद्याच्या उद्या जायचं. जाऊन त्या घरात बसायचं!"

"आणि खड्डा कोण भरणार?"

"चाळीस वर्षं काय मी इथं खजूर खातोय?"

"तुमच्या भरवशावर? तुम्ही पुन्हा राब भाजाल!" साहेबांचा आवाज चढला. पहिल्यांदाच ऐकला मी तो, चांगला खणखणीत होता. "पेटवायचं तुम्ही आणि वर मलाच बोलायचं?"

"पेटवलं! मीच पेटवलं! मग त्याच दिवशी चार शिव्या द्यायच्या होत्या! वही काय काढता? वही काढायची वेळ होती ती?"

साहेब उठून उभे राहिले. मीही एक पाऊल पुढं गेलो. अबू अली फोन तसाच हातात घेऊन धावत आला, एकदा त्यांच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. "मुश्किला? क्या हुआ?"

सोनटक्के साहेबांनी त्याला हातानं बाजूला केलं.

"कुछ नहीं, अबू अली," ते म्हणाले. "घर का मामला है."

आणि बाह्या वर सारून माझ्याकडे वळले. "हां चाचा, बोला. काय म्हणत होता?"