सासऱ्यांच्या पायाखालचा टर्बो

इंजिन बदलणं म्हणजे काय हो मोठंसं? चार बोल्ट काढायचे, जुनं उचलायचं, नवं ठेवायचं, तेच चार बोल्ट पुन्हा आवळायचे. दोन शनिवार-रविवार, बास! एप्रिलमध्ये, अंगणात अजून गुडघाभर बर्फ असताना, मी हे बायकोला छाती पुढे काढून सांगितलं. मार्लीन भांडी पुसत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कुठल्या वर्षातले?"

पिकअप सत्याऐंशी सालची. छोटीशी, एकेकाळी पिवळी. नऊ वर्षांपूर्वी मी ती माझ्या सासऱ्यांकडून, आर्वोबाबांकडून, रोख पैसे मोजून घेतली. तरी ते आजही तिला "माझी पिकअप" म्हणतात आणि मी चालवताना दिसलो की परसातल्या त्यांच्या घराच्या पायरीवरून माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघतात. जुनं इंजिन दम्याच्या पेशंटसारखं झालं होतं. खाणीच्या चढावर मला एकदा एक सायकलवाली बाई मागे टाकून गेली. वर जाताना तिने मला हात केला! त्या दिवशी मी ठरवलं, आता टर्बो.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या नाकात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. माझा मेव्हणा डेल कागदाच्या गिरणीत कामाला आहे, पण इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून बघून तो स्वतःला शल्यविशारद समजतो. त्यानेच भंगारातून इंजिन शोधलं. हरणाला धडकलेली मोटार होती. हरीण पळून गेलं होतं, मोटार तिथेच मेली होती, इंजिन ठणठणीत. भानगड एकच होती. मोटार स्वीडिश!

आता आमच्याकडे सुपीरियर सरोवराच्या या काठाला सगळे फिनलंडहून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं. आर्वोबाबांचा स्वीडिश माणसांवर रोष नाही, पण स्वीडिश वस्तू त्यांना घरात चालत नाही. टेबलसुद्धा नाही!

"बाबांना कळलं तर?" मी विचारलं.

"बॉनेट बंद असल्यावर कसं कळेल?" डेल म्हणाला.

बॉनेट बंदच होईना. इंजिन दोन बोटं वर आलं होतं. डेलने सरळ बॉनेटला भोक पाडलं. भोकातून पाऊस आत जायला लागला. मग मी स्वयंपाकघरात जाऊन एक छान फुगीर झाकण आणलं आणि रिव्हेट मारून त्यावर बसवलं. इतकं शोभून दिसलं म्हणून सांगू! मार्लीन पुढचे पंधरा दिवस टर्की भाजायच्या भांड्याचं झाकण शोधत होती. मीही तिच्याबरोबर मनापासून शोधत होतो.

मग वायरिंग. दोन गाड्यांच्या वायरी एकत्र केल्यावर जे तयार झालं ते ताटात सांडलेल्या शेवयांसारखं होतं. दोन शनिवार-रविवारांचे अकरा झाले. शेवटी जूनमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी इंजिन चालू झालं. आधी गुरगुरलं, मग त्यातून एक बारीक शीळ निघाली, आणि पाय काढल्यावर शिंकल्यासारखं 'फुस्स्स' झालं. आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडलो!

बारीकसारीक कामं उरली होती. डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजायचा. ब्रेक दाबला की वायपर चालायचे. (ब्रेक मात्र नवेकोरे टाकले होते. एवढी अक्कल मला आहे.) आणि स्वीडिश गिअरबॉक्सला जुन्या वेगमापकाची केबल बसत नव्हती, त्यामुळे काटा जिथे होता तिथेच अडकला होता. ताशी पंचवीस मैलांवर.

"रविवारी करू," डेल म्हणाला. "उद्या युहान्नुस आहे." युहान्नुस म्हणजे आम्हा फिनिश लोकांचा भर उन्हाळ्यातला सण.

आता घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आर्वोबाबा एकोणऐंशी वर्षांचे. अडतीस वर्षं त्यांनी काउंटीचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवला. तो ट्रक चालतो ताशी पंचवीस मैलांनी. निवृत्त झाल्यावरही बाबांनी वेग तोच ठेवला. त्यांच्यामागे लागलेल्या गाड्यांची रांग बघून बाहेरगावची माणसं कुणाची अंत्ययात्रा म्हणून टोप्या काढायची. त्याच महिन्यात मार्लीन आणि डेलने त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "बाबा, ऑक्टोबरात लायसन्स संपतंय. आता नका नवं करू." ते भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं." तेव्हापासून ते दिवसदिवस पायरीवर बसून नुसते रस्त्याकडे बघायचे. मार्लीनला ते बघवत नसे. मलाही नाही. चोराकडे बघायचं सोडून त्यांनी माझ्याकडे बघणंच बंद केलं होतं.

तर, युहान्नुसची सकाळ. जत्रा अकरा मैलांवर, सरोवराकाठच्या मैदानात. सणाच्या दिवशी सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, तापवायचाच, म्हणून मी आणि डेल सकाळीच आत. दगडांवर पाणी टाकतोय, बर्चच्या डहाळ्यांनी एकमेकांच्या पाठी बडवतोय, स्वर्ग! तेवढ्यात बाहेर एक गुरगुर झाली. मग बारीक शीळ.

डेलची डहाळी हवेतच थांबली. "वेन, हा आवाज..."

फुस्स्स!

आम्ही कमरेला पंचे गुंडाळून तसेच बाहेर पळालो. दोघांच्या अंगातून वाफा निघतायत. अंगणात मार्लीन एकटी उभी, हात पुसत.

"पिकअप कुठंय?"

"बाबा घेऊन गेले. चर्चच्या पास्ट्या पोचवायला. माझ्या गाडीत दोनशे पास्ट्या मावतात का?"

दोनशे! एकेक पास्टी म्हणजे मांस-बटाटा भरलेली, हातभर तोंड करून खायची करंजी. चर्चच्या बायका दोन दिवस लाटत होत्या.

"तू बाबांना किल्ली दिलीस?"

"दिली. किल्ली बघून कसे हसले माहितेय? म्हटलं, जाऊ देत एकदा शेवटचं. पंचवीसनेच तर जाणार आहेत! त्यात तूच म्हणालास ना, इंजिन तसलंच आहे, जरा ताजं?"

"मार्लीन," मी म्हणालो, "अडीचपट ताजं आहे."

ती आमच्याआधी डेलच्या गाडीत जाऊन बसली. कपडे घालायला जाऊ का, एवढं विचारायचीही माझी हिंमत झाली नाही.

"काट्याचं सांग तिला," डेल गाडी काढत पुटपुटला.

"कसला काटा?" मागून मार्लीन.

"काटा पंचवीसवर अडकलाय. बाबा कितीही जोरात गेले तरी त्यांना पंचवीसच दिसणार."

 मग माझ्या उघड्या पाठीवर अशी एक चापट बसली की सौनातल्या डहाळ्या म्हणजे मोरपिसं वाटावीत!

पहिल्या वळणावर हिल्माबाईचं घर. एकवीस वर्षांपूर्वी बर्फ ढकलताना बाबांनी त्यांची टपालपेटी आडवी केली होती, तेव्हापासून दोघांत अक्षराचं बोलणं नव्हतं. त्या आज फाटकात उभ्या होत्या. हातात पास्टी!

"हिल्माबाई, बाबा दिसले का?"

"दिसले का?" बाईंचे गाल लाल झाले होते. "इथे वळताना तीनदा हॉर्न वाजवला त्यांनी. मला! आणि ही पास्टी अंगणात टाकली. अजून गरम आहे. एकवीस वर्षं लागली माणसाला, पण माफी मागितली तर अशी!" मग त्यांचं लक्ष आमच्या पंच्यांकडे गेलं. "तुम्ही असेच जाणार जत्रेला?"

डावं वळण, डावा इंडिकेटर, हॉर्न. झटक्याने मागची पास्टी उडाली. हे त्यांना समजावून सांगायला आमच्याकडे वेळ नव्हता आणि, खरं सांगतो, मनही झालं नाही. त्या लिपस्टिक लावायला घरात पळाल्या होत्या.

पुढे चर्चच्या फाट्यावर पोलिसातली डेप्युटी शेरील गाडीबाहेर उभी राहून वेग मोजायचं यंत्र तळहातावर आपटत होती. तिने आम्हाला हात दाखवला. झालं! डेलने गाडी थांबवली.

"किती दाखवतंय हे?" तिने यंत्र खिडकीतून आमच्यासमोर धरलं.

"अठ्ठ्याहत्तर," डेल मान खाली घालून म्हणाला.

"बघ! सकाळपासून येडं झालंय. आत्ता आर्वोकाका गेले ना, त्यांची पिकअप याने एक्क्याण्णव दाखवली. आर्वोकाका! एक्क्याण्णव!" ती पोट धरून हसायला लागली. "लहानपणी आमची शाळेची बस त्यांच्यामागे अडकली की गणिताचा तास बुडायचा. जा तुम्ही. याचे सेल बदलते मी." जाता जाता तिने आत डोकावलं. "मार्लीनताई, यांचे कपडे कुठं गेले?"

"विचारू नकोस," मार्लीन म्हणाली.

खाणीचा चढ आला.  चढापलीकडे उतार, उताराच्या टोकाला वळण आणि वळणापलीकडे थेट सरोवर. मार्लीन आता रागावलेली नव्हती. ती रडवेली झाली होती, आणि ते फार वाईट. "मीच किल्ली दिली," ती म्हणत राहिली. माझ्या डोक्यातून टर्बो, शीळ, फुशारकी सगळं उतरलं. रस्त्यावर टायरचे काळे पट्टे दिसताहेत का, एवढंच मी बघत होतो. पट्टे नव्हते. वळणाचा कठडा शाबूत होता. त्यावर एक कावळा बसून पास्टी खात होता.

मैदानावर पोचलो तर पिकअप झाडाखाली अशी सरळ लावलेली, जणू फूटपट्टीने आखून. भोवती ही गर्दी! मधोमध आर्वोबाबा, टोपी मागे सारून, खोकी उतरवून देतायत. चर्चच्या बायका टाळ्या वाजवतायत, कारण आजवरच्या कुठल्याही युहान्नुसला पास्ट्या गरम पोचल्या नव्हत्या. एकदा तर त्यांच्यावर दव पडलं होतं!

मार्लीन धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. "बाबा! बरे आहात ना?"

"मला काय झालंय?" बाबांनी आमच्या दोघांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "या दोघांना काय झालंय?"

"बाबा, तुम्ही फार जोरात आलात," मी पंचा सावरत म्हणालो.

"मी? काटा पंचवीसवर होता. हलला नाही. बाकी जग फार मंद झालंय आजकाल."

चेहरा असा निर्मळ की चर्चच्या भिंतीवर लावावा! कितीतरी दिवसांनी ते माझ्याकडे बघत होते. चोराकडे बघावं तसंच. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

तेवढ्यात हिल्माबाई आल्या. लिपस्टिक, निळा झगा, आणि अर्धी पास्टी रुमालात.

"आर्वो, तू हॉर्न वाजवलास."

बाबांनी क्षणभर पिकअपकडे बघितलं, मग हिल्माबाईंकडे. मी डोळ्यांनी खुणा करत होतो.

"वाजवला," बाबा म्हणाले.

"तीनदा."

"मोजलेस होय?"

वाद्यं सुरू झाली आणि दोघं नाचायला गेले. मार्लीन डोळे पुसत बघत उभी राहिली. "लायसन्सचं मी परत बोलणार नाही," ती म्हणाली. "डोळ्यांची परीक्षा घेऊ देत. ती जमली तर जमली." मग ती पिकअपला टेकायला वळली आणि तिची नजर बॉनेटवर गेली.

"वेन."

"हं?"

"हे माझं झाकण आहे."

त्या मैदानावर मी पंच्यानिशी किती वेगाने पळालो ते मोजायला शेरीलचं यंत्र हवं होतं.

दुसऱ्या दिवशी डेलने टर्बोचा दाब निम्म्यावर आणला, वायरिंग सुधारलं, आणि आम्ही बाबांसमोर जाऊन गुन्हा कबूल केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, टोपी घातली आणि मला म्हणाले, "बस." मी बाजूच्या सीटवर बसलो. पिकअप माझी, इंजिन मी बसवलेलं, अकरा आठवडे माझे गेलेले. पण त्या माणसाला 'मी चालवतो' म्हणायची तुमची हिंमत होत असेल तर या आणि म्हणा.

रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, "स्वीडिश आहे ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"घरातून निघतानाच कळलं. शीळ घालतं. फिनिश इंजिन कामात शीळ घालत नाही."

"मग काट्याचंही...?"

"वेन, अडतीस वर्षं मी पांढऱ्या वादळात ट्रक चालवला. समोरची काचसुद्धा दिसायची नाही. मला माझा वेग कळायला काटा लागतो होय?" ते सरोवराकडे बघून हसले. "अडतीस वर्षं पंचवीसने! माणसाला एकदा तरी बघावंसं वाटतं ना, तिसरा गिअर संपल्यावर पुढे काय असतं ते?"

आणि मग त्यांनी मला ते दाखवलं. निम्म्या दाबावर!

खाणीच्या माथ्यावर मी त्यांना पिकअप थांबवायला सांगितली. म्हटलं, हवा छान आहे, इथून चालत जातो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. घर चार मैलांवर होतं आणि जूनमधले डास म्हणजे पाखरंच! दोन तासांनी खाजवत खाजवत दारात पोचलो, तर मार्लीनने विचारलं, "मग? एवढी मेहनत घेतलीस, पळते कशी पिकअप?"

छान पळते म्हणतात. मी डोळे मिटले होते.