गेनू अस्वलाचा अनुभव

मी आधीच सांगितलं होतं, पण माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. म्हणून आता तेच जनावरांच्या नावानं सांगते. गप बसून ऐका. मध्येच पाणी प्यायला उठायचं नाही.

एका जंगलात एक तळं होतं. पलीकडच्या रानातले गवे म्हणाले, तळं आमचं. भांडण वाढलं. शेवटी ठरलं, टेनिसचा एक सामना खेळायचा. जो जिंकेल त्याचं तळं.

तळ्याच्या काठी, खड्यांत, हौसा टिटवीची अंडी होती. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्यावरच अंडी घालते. बाकीच्यांना सामना दिसत होता. तिला गव्यांचे खूर दिसत होते.

सिंहानं खेळाडू निवडायला सगळ्यांना बोलावलं. विचारलं, अनुभव कुणाला आहे?

केशर वानरीण पुढं आली. रोज धुळीत खेळायची बिचारी. तिनं हातावरचे घट्टे दाखवले. सिंह म्हणाला, घट्टे राहू देत, अनुभव दाखव. आता तो कसा दाखवतात? ती मान खाली घालून मागं सरकली.

मग आला गेनू अस्वल. त्याच्या हातात व्हिडिओ गेम, सहलीला आलेली माणसं विसरून गेलेला. त्यात बोटभर पठ्ठ्या टेनिस खेळायचा. गावोगाव हिंडायचा. म्हातारीशी गोड बोलून पळायचे बूट मिळवायचा. राक्षसाला चेंडूनं लोळवायचा. जिंकला की त्याचा ‘अनुभव’ वाढायचा. गेनूनं पडदा सिंहाच्या नाकापुढं धरला. ‘अनुभव’ असं लिहिलेलं आणि पुढं हिरवी पट्टी काठोकाठ भरलेली.

सिंह हरखला. इतका स्वच्छ अनुभव त्यानं कधी पाहिला नव्हता.

हौसा म्हणाली, "महाराज, अनुभव त्या डबीतल्याला आलाय. ह्याला नुसती ढेरी आलीय."

"हौसाबाई, तुम्ही टेनिस खेळता का?"

"नाही."

"मग?"

सगळे हसले. गेनूचं नाव पक्कं झालं.

सामन्याला गव्यांकडून एक तरणी कालवड आली, तोंडात रॅकेट धरून. पहिला चेंडू आला. गेनूचे अंगठे हलले. गेनू हलला नाही. दुसरा आला. पुन्हा अंगठेच. हौसा जीव तोडून ओरडली, "पळ मेल्या, पळ." गेनू पंचाला विचारत होता, पुन्हा पहिल्यापासून करायचं बटण कुठंय. तेवढ्यात सामना संपला.

संध्याकाळी गवे पाण्यावर आले. हौसा पंख पसरून अंड्यांपुढं उभी राहिली. गव्यांना ती दिसलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सिंहानं चौकशी बसवली. गेनू म्हणाला, हरणं हासुद्धा मोठा अनुभव, तेव्हा पोरांना टेनिस मीच शिकवीन. ते मंजूर झालं. मग हरलो कशानं? तर ऐन खेळात कुणीतरी ओरडलं. टिटवी ओरडली की वाईट होतं, हे जंगलात सगळ्यांनाच ठाऊक.

हौसा फुटक्या टरफलांपाशी बसली होती. सिंहानं विचारलं, "ओरडलीस?"

"ओरडले."

झाली कबुली.

तात्पर्य: बाळांनो, अनुभव दुसऱ्याला येऊ द्यावा, आपण नुसता दाखवावा. आणि हरल्यावर दोषी शोधायला लांब जाऊ नये. जिनं आधी सांगितलं, तीच असते. लिहून घ्या नाव: हौसा टिटवी.