मावशी, अजून एकदा दाब

प्रॉडक्ट मॅनेजर झाले त्याच दिवशी मी ठरवलं, ग्राहकाला बनावट डेटा दाखवायचा नाही. आधीची कित्येक वर्षं मी डेटाबेस बांधले, मग वाहता डेटा हाताळला. म्हणजे घडलेलं साठवून उद्या मोजायचं नाही, घडताक्षणीच टिपायचं. अशा बाईने पडद्यावर खोटे आकडे नाचवणं शोभत नाही.

आमचं प्रॉडक्ट यंत्रांवर लक्ष ठेवतं आणि बिघाडाचा इशारा देतं. ते बघायला मोठ्या लॉन्ड्रीच्या मालकीणबाई येणार होत्या. "त्यांना नाही पटलं तर गाशा गुंडाळायचा," साहेबांनी बजावलं होतं. खरं यंत्र हाताशी नव्हतं. म्हणून सकाळी मी घरच्या बेलची वायर काढून एका छोट्या डबीला जोडली. दारावरचं बटण दाबलं की ऑफिसच्या पडद्यावर ठिपका. मी फोन केला की नवरा बटण दाबणार होता.

मी फोन करायच्या आतच ठिपका उमटला. मग दुसरा. मग गोवर उठावा तसा पडदा भरला.

मालकीणबाई पुढे सरकल्या. "हे आत्ता घडतंय?"

"आत्ताच. शहराच्या दुसऱ्या टोकाला."

सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. तिकडे कुणाचं तरी बोट, इकडे उजेडाचा ठिपका, आणि मध्ये श्वासाइतकंही अंतर नाही. इतकी वर्षं हेच करतेय, तरी दर वेळी मी बघतच राहते.

पडदा लाल झाला. 'असाधारण हालचाल. ताबडतोब माणूस पाठवा.' माझा फोन पडद्याला जोडलेला होता, त्यामुळे पाठोपाठ भिंतभर अक्षरं आली: 'मावशी'. मी फोन उचलला, तसा तिचा आवाज खोलीभर घुमला.

"अगं, बेल दाबून दाबून बोट सुजलं माझं. दारही ठोकलं. तुझा नवरा आत गातोय, ऐकू येतंय मला."

बेलची वायर काढल्यावर घरात बेल वाजणार कशी, हे मला तेव्हा सुचलं.

"त्यांना अजून एकदा दाबायला सांगा ना," मालकीणबाई कुजबुजल्या.

"मावशी, अजून एकदा दाब."

ठिपका. मालकीणबाईंनी गालावर हात ठेवला. "पुन्हा?"

"मावशी, पुन्हा."

"का गं? तुला कळतंय मी दाबतेय ते?"

"हो, दिसतंय ना. प्रत्येक वेळी."

"म्हणजे तू बघत बसलीयस आणि दार उघडत नाहीयेस?"

नवऱ्याला फोन लावला, तर तो नुसताच वाजत राहिला. गाणं बाथरूममधून येत असणार. साहेबांनी पडद्याकडे बोट केलं. "माणूस पाठवा म्हणतोय. निघा तुम्ही."

मी टॅक्सीत असतानाच निरोप आला, मालकीणबाईंनी करार केला.

मावशी जिन्यात बॅगेवर बसली होती, आतलं गाणं अजून चालूच होतं. मी तिला सगळं समजावलं. तिने डोळे मोठे करून ऐकलं, बटणाकडे जरा आदराने पाहिलं.

"एवढं सगळं तिकडे बसून दिसतं?"

"हो."

"आणि दार तेवढं उघडत नाही?"

पुढच्या आवृत्तीत बघू, असं म्हणत मी पर्समध्ये किल्ली शोधली. घाईत ती ऑफिसच्या टेबलावरच राहिली होती. सवयीने मी बटण दाबलं.

लगेच साहेबांचा फोन आला. "पोहोचलात वाटतं. आत्ताच ठिपका आला."